सुट्टीचा एक दिवस, एक परात आणि काटेरी हलवा

बोरकूट | ८ जानेवारी, रात्री ९:१२

मागच्या वर्षातली एक सुट्टी उरली होती ती आज घेतली. नवरा टूरवर, लेक शाळेच्या सहलीला (पहाटे साडेपाचला बसमध्ये कोंबून आले), सासूबाई नणंदेकडे. म्हणजे नाशिकची थंडी, घर रिकामं आणि संध्याकाळी सातपर्यंत "माझं अमुक कुठंय" म्हणून हाक मारणारं कुणी नाही. असा दिवस या आधी कधी मिळाला होता ते आठवतच नाही.

परत येऊन झोपायचा विचार होता पण एकदा गार वारा खाऊन आल्यावर कसली झोप, पाणी आलं होतं ते भरलं, मशीन लावलं, चहा घेतला आणि सहा-सव्वासहाला गॅसपाशी परात घेऊन बसले. काटेरी हलवा करायचा होता. मे महिन्यात भावाचं लग्न झालं, भावजयीची ही पहिली संक्रांत. आई म्हणत होती की हलव्याचे दागिने बाजारातून आणू, हल्ली कोण करत बसतं. पण गेल्या वर्षी चुलतबहिणीसाठी आणलेल्या तयार सेटचं काय झालं ते मी पाहिलंय, फोटो काढायच्या आधीच बिंदी निम्मी कपाळावर आणि निम्मी मांडीवर. दुकानदार म्हणाला हवा दमट आहे, आम्ही काय करणार. बरोबर आहे, तुम्ही काय करणार.

तर हलवा. आजीला करताना लहानपणी बघितलेलं, पण बघणं वेगळं. पहिला घाणा अर्ध्या तासात वाया गेला. पाक जास्त झाला होता, चमचाभर घातल्याबरोबर सगळे तीळ एकमेकांना मिठ्या मारून बसले आणि परातीत छान तिळाची चिक्की तयार झाली. ती खाल्ली (चांगली होती). दुसऱ्यांदा पाक पातळ ठेवला, गॅस अगदी बारीक, गॅसवर तवा, तव्यावर जाड बुडाची परात, त्यात फक्त दोन चमचे तीळ. चहाच्या चमच्याने अर्धा चमचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ गोल गोल फिरवत राहायचे. मला सगळ्यात आवडला तो आवाज. पाक घातल्यावर तीळ एकदम मुके होतात, बोटाखाली नुसता ओला गाळ. मग फिरवता फिरवता हळूहळू सुटायला लागतात आणि एका क्षणी परातीत सरसर सरसर वाजायला लागतात, वाळूसारखे. वाजले की पुढचा अर्धा चमचा. बस एवढंच, हेच तीन-चार तास.

आणि एक गंमत अशी की बोटं इतकी चिकट होतात की फोनला हात लावता येत नाही. दोनदा वाजला, वाजू दिला. नंतर बघितलं तर एक कर्जवाला आणि एक ऑफिसमधला, ज्याला मी सुट्टीवर आहे हे माहीत होतं.

साडेदहाला थांबले कारण पाठ गेली. कपडे वाळत घातले. आठवड्याची साय साठली होती ती विरजून ठेवली होती रात्री, ती घुसळली, भोगीला लोणी हवंच. जेवायला एकटीपुरती सोलाण्यांची आमटी (ओले हरभरे जरा भाजून, मिरची-लसूण-जिऱ्यावर वाटून), बाजरीची एक भाकरी, नुकत्या काढलेल्या लोण्याचा गोळा. भांडी स्वतःच घासली, बाई आल्या नाहीत, पण आज त्याचाही राग आला नाही. दुपारी उन्हात गॅलरीत बसून सव्वाशे फुलवाती केल्या आणि लेकीच्या स्वेटरची उसवलेली बाही दोन सुलट दोन उलट करत परत वर आणली. चारला हलव्याचा दुसरा डाव.

आत्ता स्थिती अशी आहे की तीळ पांढरेशुभ्र, साबुदाण्याएवढे झालेत पण गुळगुळीत. काटा नाही. दागिने पुढच्या आठवड्यात हवेत. इथे कुणी घरी केलाय का? काय चुकतंय?

वऱ्हाडी_ठेचा | ८ जानेवारी, रात्री ९:३०

मी शीर्षक वाचून गाजर हलवा समजून आलो होतो, काटेरी म्हटल्यावर म्हटलं गाजरं सोलली नाहीत वाटतं. असो, सोलाण्यांच्या आमटीवर थांबतो.

ओसरी | ८ जानेवारी, रात्री १०:०५

बोरकूट, अगं काही चुकत नाहीये, घाई करते आहेस. एका दिवसात काटा येत नाही. मी साताऱ्याला असताना सासूबाई धनुर्मासातच, संक्रांतीच्या आधी आठ-दहा दिवस सुरुवात करायच्या, रोज पहाटे तास-दीड तास, मग परात फडक्याने झाकून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी परत. तीन दिवस नुसता गोळा मोठा होतो, मग चौथ्या-पाचव्या दिवशी एकदम अंगावर शहारा आल्यासारखा काटा दिसायला लागतो.

आता दोन गोष्टी सांगते त्या नीट ऐक. एक, रोज सुरुवात करायच्या आधी हलवा चाळणीतून चाळून घे. परातीत जी पिठी साखर पडलेली असते ती काढलीच पाहिजे, नाहीतर ती पिठी परत दाण्यांना बसते आणि काट्यांमधली जागा भरून टाकते, म्हणून तुझा गुळगुळीत होतोय. पिठी चहाला वापर. दुसरं म्हणजे बोटांनी दाबून फिरवू नकोस, नुसती बोटं वरून फिरव, जसं बाळाच्या डोक्यावरून फिरवतो तसं. घासलंस की आलेला काटा मोडतो. बोटं भाजत असतील तर आच जास्त आहे. परातीत तळहात टेकवता आला पाहिजे.

आमच्याकडे शेगडीवर करायचे, निखाऱ्यांवर राख पसरून. राखेने आच बरोबर धरली जायची. गॅसवर तवा ठेवलास ते बरोबरच केलंस.

बोरकूट | ८ जानेवारी, रात्री १०:२१

ओसरीकाकू, चाळायचं माहीतच नव्हतं!! आजी चाळायची ते आठवतंय पण मला वाटायचं बारीक-मोठा दाणा वेगळा करतेय. उद्या पहाटे ऑफिसच्या आधी तासभर बसते.

मिठाचा_खडा | ८ जानेवारी, रात्री ११:४०

प्रमाण लिहा की कुणीतरी. "पातळ पाक" म्हणजे काय, सगळ्या पाककृती इथेच फसवतात.

बोरकूट | ९ जानेवारी, सकाळी ७:५०

मी घेतलं ते सांगते. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घालायचं, मळी वर येते ती काढायची आणि पाक फडक्यातून गाळायचा, हलवा पांढरा हवा असेल तर हे टाळू नका. एकतारीच्या अलीकडे थांबायचं, दोन बोटांत धरून ओढल्यावर तार येते येते आणि तुटते. करता करता घट्ट व्हायला लागला तर चमचाभर गरम पाणी. एका घाण्याला दोन चमचे तीळच, जास्त घेतले की बोटांना आवरत नाहीत. पाक रोज ताजा केला तर बरं, मी कालचा गरम करून वापरला तर खाली साखर बसली होती.

आज चाळून मग सुरुवात केली. पाऊण तासात कडेला बारीक बारीक टोकं दिसतायत असं मला वाटतंय, नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाला नेटवर्क खराब आहे.

रिकामटेकडा_७ | ९ जानेवारी, सकाळी १०:१५

ऑफिसात बसून हलव्याचा विचार करतोय त्याबद्दल धागाकर्तीचे आभार. पहाटेच्या थंडीनेच काटा येतो असं आमच्याकडेही म्हणतात, पण मला वाटतं नुसती थंडी नाही, कोरडी हवा. पाकातलं पाणी पटकन उडालं पाहिजे म्हणजे साखर जिथल्या तिथे धरते. दाण्यावर एखादा उंचवटा आला की परातीतला पाक आधी त्यालाच लागतो, तोच आधी वाळतो, परत पुढचा पाक त्यालाच. म्हणजे ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळतं, आमच्या कंपनीतल्या अप्रेझलसारखं. पाक एकदम जास्त घातला की खाचाही भरतात आणि सगळं सपाट. म्हणून अर्धा चमचा.

ओसरीकाकूंची पिठीची गोष्ट यात बरोबर बसते.

ओसरी | ९ जानेवारी, सकाळी ११:०२

अप्रेझलचं मला कळत नाही पण बाकी बरोबर लिहिलंय.

गोदाकाठ_ते_ओसाका | ९ जानेवारी, दुपारी १२:४०

मी मूळची नाशिकचीच, आता ओसाकाला. इथे पहिल्यांदा दुकानात कोनपेइतो (जपानी साखरेची मिठाई) बघितला तेव्हा मी अक्षरशः मराठीत ओरडले, "हा तर हलवा!" रंगीत असतो एवढाच फरक, पण तस्साच काटा, थोडा बोथट. मग खोदून खोदून वाचलं. नाव पोर्तुगीज 'कॉन्फेइतो'वरून आलंय. लुईस फ्रोइस नावाच्या पोर्तुगीज पाद्र्याने १५६९ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बाटलीतून भेट दिला होता. आधी आत खसखस असायची, आता जाड साखरेचा कण असतो. मोठ्या तिरक्या गरम कढईत फिरवतात, वरून थोडा थोडा पाक, आणि एक घाणा व्हायला दोन आठवडे सुद्धा लागतात. काटा का येतो यावर इथल्या भौतिकशास्त्रज्ञांनीही डोकं खाजवलंय, तेव्हा रिकामटेकडा, तुम्ही एकटे नाही.

आणि हो, कारागीर कढईतल्या आवाजावरून सांगतात पुढचा पाक कधी घालायचा ते. बोरकूटचं सरसर वाचून तेच आठवलं.

वऱ्हाडी_ठेचा | ९ जानेवारी, दुपारी १:०५

आता कुणीतरी लगेच वसईच्या किल्ल्यातून आपला हलवाही पोर्तुगीजांनीच आणला असं सिद्ध करेल, त्याआधी मी जेवून येतो.

चाळकरी | ९ जानेवारी, दुपारी ३:२०

मुंबईकरांचं दुःख कुणाला सांगायचं. इथे जानेवारीतही पंखा. मी दोन वर्षं प्रयत्न केला, दोन्ही वर्षी साखरेचे गुळगुळीत मणी. शेवटी सासूबाई म्हणाल्या, तू आपली तिळाच्या वड्या कर. एसी लावून जमेल का? विचारते आहे कारण यंदा लेकाचं बोरन्हाण आहे.

रिकामटेकडा_७ | ९ जानेवारी, दुपारी ३:४१

एसी हवा कोरडी करतो, त्यामुळे जमायला हरकत नाही, फक्त झोत परातीवर नको आणि पंखा बंद. बाहेर काढल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात.

ओसरी | ९ जानेवारी, दुपारी ४:१०

बोरन्हाणाला तिळाचाच हवा असं नाही. साबुदाणा, खसखस, मगज, लवंग, शेंगदाण्याचे तुकडे, चुरमुरे, कशावरही होतो. चुरमुऱ्याचा लवकर मोठा दिसतो. पण पोरं दीड-दोन वर्षांची असतात, वरून बोरं-उसाचे करवे-हलवा सगळं ओततो आणि ती वेचून तोंडात घालतात. शेंगदाणा आणि लवंगेचा हलवा लहान्यांच्या डोक्यावरून अजिबात नको, घशात अडकतो. चुरमुरे पुष्कळ घाल, हलवा दिसण्यापुरता.

चाळकरी | ९ जानेवारी, संध्याकाळी ५:००

हे बरं सांगितलंत काकू. बोरंही बिया काढून तुकडे करते मग.

मिठाचा_खडा | १० जानेवारी, सकाळी ९:१८

मला एक प्रामाणिक प्रश्न आहे, भांडायचं नाहीये. पाकीट मिळतं बाजारात, पाच मिनिटांचं काम. त्यासाठी आठ दिवस पहाटे उठून पाठ मोडायची, आणि शेवटी हे सगळं बाईनेच करायचं, वर "किती हौशी आहे" ऐकायचं. माझ्या आईने केलं ते, हळदीकुंकवाला चाळीस बायका आणि ही मागच्या खोलीत झोपलेली, उभं राहवत नव्हतं.

बोरकूट | १० जानेवारी, सकाळी ९:५५

खरंय. मला आज कुणी "तुला करावंच लागेल" म्हटलं असतं तर मीच पाकीट आणून दिलं असतं. मला हे सुचलं ते त्या दिवशी घरात कुणी नव्हतं म्हणून. तुमच्या आईंच्या मागच्या खोलीचं वाचून गप्प झाले जरा. आमच्या आजीला हे कुणी विचारलं होतं का, माहीत नाही. ती पहाटे चारला बसायची आणि सहाला सगळ्यांचं पाणी तापवायची.

बाकी पाठीचं म्हणाल तर आज पाटावर न बसता ओट्यापाशी उंच स्टूल घेतलं. फरक पडतो.

मिठाचा_खडा | १० जानेवारी, सकाळी १०:०८

स्टूल! आईला सांगते. ती अजून करते म्हणजे.

पैठणीची_घडी | १० जानेवारी, दुपारी २:३०

दागिन्यांचं कुणी लिहिलंच नाही अजून. मी दरवर्षी दोन-तीन सेट करते ओळखीत, म्हणून सांगते.

सुईने हलवा ओवायला जाऊ नका, दाणा फुटतो. पांढरा रिळाचा दोरा दुहेरी घ्यायचा, दोन पदरांच्या मध्ये दाणा धरायचा, गाठ, पुढचा दाणा, गाठ. काट्यांच्या मधल्या खाचेत दोरा बसतो म्हणून घसरत नाही. काटा चांगला हवा तो यासाठीच. गुळगुळीत हलवा कितीही बांधा, निसटतो. अशा माळा तयार झाल्या की मग मोहनमाळ, मंगळसूत्र (मध्ये काळे मणी ओवा), तन्मण्याचे सर. बाजूबंद, बिंदी, कंबरपट्टा, कर्णफुलं यांना मात्र खाली आधार लागतो. जाड कार्डशीट कापून त्यावर सोनेरी कागद, त्यावर डिंकाने माळा गोल गोल चिकटवायच्या, कडेला जर. डिंक दाट हवा, पातळ डिंकातल्या पाण्यानेच हलवा विरघळतो, बोरकूटच्या त्या बिंदीचं हेच झालं असणार, दुकानदाराची हवा नव्हे. आणि चिकटवल्यावर रात्रभर वाळू द्या, लगेच डब्यात भरू नका.

नथ सगळ्यात शेवटी करा, तिला सगळ्यात बारीक खसखशीचा हलवा लागतो आणि तोवर हात बसलेला असतो. जावयाला हार, नारळ आणि हातातलं घड्याळ. घड्याळ बघून सगळे हसतात, फोटोत तेच सगळ्यात छान येतं.

बोरकूट | १० जानेवारी, रात्री ९:४४

हे वाचून आत्ता चार दाणे बांधून बघितले. तीन टिकले, एक निसटला. म्हणजे काटा अजून दोन दिवस मागे आहे. सकाळी डबा उघडला तर काठावर मुंग्यांची रांग होती, आता डबा पाण्याच्या ताटात ठेवलाय.

ओसरी | १० जानेवारी, रात्री १०:१५

पाण्याजवळ नको ठेवूस गं हलवा! ओल धरेल. डब्याभोवती हळदीची रेघ ओढ.

सीनेकाठची | १३ जानेवारी, सकाळी ८:२०

सगळ्यांना भोगीच्या शुभेच्छा. आमच्याकडे सोलापूर साइडला आज खेंगट. वांगी, गाजर, पावटा, हरभरा, घेवडा, बोरं, थोडी मेथी, सगळं एकत्र, तिळाचं कूट सढळ हाताने. बाजरीच्या भाकरीला तीळ लावून. बोरकूट, तुमचं ते लोणी अजून शिल्लक आहे का?

बोरकूट | १३ जानेवारी, दुपारी २:०५

लोणी संपलं, नवरा टूरवरून आला. परत काढलं. आमच्याकडे नुसती भोगीची भाजी म्हणतात, बोरं घालतोच, उसाचे दोन करवेही घालतात आई. मुगाची खिचडी सोबत.

आणि काटा आलाय!!! काल पहाटे साडेपाचला, नाशिकला बोचरी थंडी होती, परातीत बघते तर दाणे एकमेकांवर घरंगळत नव्हते, अडकत होते. हातात घेतले तर टोचले. मी स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी होते. लेक उठून आली, तिने एक उचलून तोंडात टाकला आणि म्हणाली, साखर तर आहे.

बोरकूट | १५ जानेवारी, रात्री १०:३०

शेवटचा अपडेट. मंगळसूत्र, बिंदी, कर्णफुलं, बाजूबंद, पाटल्या झाल्या. कंबरपट्ट्याला हलवा पुरला नाही, तो बाजारच्या पाकिटाचा, मिठाचा_खडा यांनी हसू नये. नथ जमली नाही, दोनदा फुटली, आईने मोत्याचीच घातली. भावजय काळ्या चंद्रकळेत इतकी सुरेख दिसत होती की भावाचं घड्याळ कुणी बघितलंच नाही, तो रात्री जेवताना ते हळूच मनगटावरून खात बसला होता.

पैठणीची_घडी, डिंक दाट ठेवला, एकही दाणा पडला नाही. एक कर्णफूल मात्र हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या नातवाने पळवलं, ओलं होऊन परत मिळालं.

मूठभर हलवा उरलाय, बरणीत आहे. चाळकरी, बोरन्हाण कधी आहे? २० तारखेला ऑफिसच्या कामाने दादरला येतेय, डबा घेऊन येऊ का?

चाळकरी | १५ जानेवारी, रात्री १०:३४

२४ ला आहे. आणाच. स्टेशनवर घ्यायला येते, फक्त वाटेत डबा उघडू नका, इथे आजही पंखा चालू आहे.